निळा खोलीप्रमुख

कोणाचं कोणाशी पटेल, हे रेक्टरबाईंना चेहरा बघताक्षणी कळायचं! निदान त्या तरी तसं सांगायच्या, आणि इतक्या ठसक्यात सांगायच्या, की ऐकणाऱ्याची मान आपोआप होकारार्थी हलायची. मुलींचं अख्खं वसतिगृह त्यांनी निवृत्त होईपर्यंत सांभाळलं. एकेका खोलीत तिघी-तिघी! पण "बाई, मला हिच्याबरोबर नाही राहायचं," म्हणत एक जरी मुलगी त्यांच्या दारात आली असेल तर शपथ!

म्हणूनच जुन्या मुलींनी त्यांना खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी भेट दिली, ती मुद्दाम रिकामी. दगड, वाळू, पाणी, सगळं तयार. "मासे मात्र तुम्हीच निवडा बाई. जोड्या जमवाव्यात तर तुम्हीच! महिन्याभराने बघायला येतो."

बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या तशाच माशांच्या दुकानात गेल्या. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाऊन माशांची जोडी त्यांना पसंत पडली. "गुणाची वाटतात." वाळूवर पोट टेकून बसलेला गोबी मासाही आवडला. "अभ्यासू दिसतो." तेवढ्यात एक बोटभर निळा मासा काचेपाशी आला आणि त्यांच्याकडे रोखून बघू लागला.

"हा डॅमसेल," दुकानदार म्हणाला. "दिसायला गोजिरवाणा, पण महादांडगट! घ्यायचाच तर सगळ्यांच्या शेवटी सोडा. आधी सोडलात, तर टाकी स्वतःच्या बापाची समजेल."

बाई मंद हसल्या. "दांडगट मुलीला कसं वळण लावायचं, ते मला विचारा! तिलाच खोलीप्रमुख करायचं. जबाबदारी अंगावर पडली, की गरीब गाय होते!"

"बाई, हा मासा आहे."

"स्वभाव सगळीकडे सारखेच!"

निळ्या महाराजांना आधी सोडलं. कारभार समजून घ्यायला चांगले पंधरा दिवस दिले. मग बाकीचे आले.

"अहो, बघा तरी! कसा जातीने सगळ्यांची विचारपूस करतोय!"

यजमानांनी चष्मा वर केला. "विचारपूस? शेपटी धरून?"

पाहता पाहता खोलीप्रमुखाने राज्य काबीज केलं. क्लाऊनची जोडी पंपाच्या नळीमागे अंग चोरून उभी, जशी काही घरमालकाने सामानासकट बाहेर काढलेली! गोबीचे वाळूतून नुसते डोळे दिसायचे. खाणं टाकलं की पहिला घास निळ्याचा, आणि शेवटचाही त्याचाच. बाईंनी काचेवर बोट आपटून समज दिली, "मोठा ना तू? लाज नाही वाटत?" शेवटी गोबीच्या पुढ्यात घास ठेवायला त्यांनी पाण्यात हात घातला मात्र...

"अगंबाई! चावला मेला! रेक्टरला चावला!"

"वसतिगृहात असं कधी घडलं नव्हतं," यजमान म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी मुली येणार होत्या! त्यांनी हे पाहिलं तर? जन्मभराची पत पाण्यात, आणि तेही खाऱ्या! बाईंनी मान खाली घालून दुकानदाराला फोन लावला.

"त्याला बाहेर काढा, दगडांच्या जागा बदला. जुनी हद्द मोडली की माज उतरेल. मग सगळ्यांच्या शेवटी सोडा," तो म्हणाला. भला माणूस. 'मी सांगितलं होतं' हे काही म्हणाला नाही.

सकाळीच मोहीम सुरू झाली. जाळीत पहिल्यांदा गोबी आला, मग क्लाऊन, मग दुसरा क्लाऊन, मग यजमानांचा चष्मा! निळा दगडाच्या भोकात घट्ट बसलेला. एकेक दगड उपसता उपसता शेवटचा दगड त्याच्यासकट बाहेर आला, आणि दारावरची बेल वाजली.

मुली आत आल्या, त्या दारातच थिजल्या. एक क्लाऊन बादलीत, दुसरा पातेल्यात, गोबी बरणीत, निळा टबात आणि वर चाळणी. फरशीवर तळं. आणि विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, तान्हं बाळ घ्यावं तसा दगड छातीशी धरून यजमान उभे!

"बाई!" मुंगी नावाने ओळखली जाणारी ठेंगणी किंचाळली. "प्रत्येकाला स्वतंत्र खोली? आम्हाला तर तिघी-तिघींना एकत्र कोंबलं होतंत!"

बाई मटकन खाली बसल्या. "खोलीप्रमुखाचा उपाय फसला गं. आयुष्यात पहिल्यांदा फसला." त्यांचे डोळे भरून आले.

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्यात 'फौजदार' होती. बाईंनी खोलीप्रमुख करून सुधारली म्हणून जिचं उदाहरण त्या जगाला द्यायच्या, तीच. आता ती नामांकित डॉक्टर होती. ती खाकरली.

"पहिल्यांदा नाही, बाई. प्रमुख झाल्यावर मी माझ्या खोलीतल्या या दोघींना खिडकीपाशी फिरकू दिलं नव्हतं. कपाटाचे सगळे कप्पे माझे!"

"मग तक्रार का नाही केलीत?"

"गरजच पडली नाही," मुंगी म्हणाली. "तुमची फेरी संपली, की आम्ही गाद्या गुंडाळून जिचं जिच्याशी पटेल तिच्या खोलीत जायचो. सगळं वसतिगृहच हलायचं, बाई! तुम्ही उठायच्या आत परत जागेवर."

"सगळ्याच?"

"मी सोडून," फौजदार म्हणाली. "मी एकटीच उरायचे. तेव्हा कुठे सुधारले."

"पण मला एका शब्दाने नाही सांगितलंत!"

"तुम्ही इतक्या कौतुकाने सांगायचात, बाई... मन मोडवेना."

मग मुलींनीच बाह्या सरसावल्या. दगड नव्याने रचले. आधी गोबी, मग क्लाऊनची जोडी, आणि खूप वेळाने निळा. तो आपलं घर शोधत गोल गोल फिरला आणि मुकाट्याने कोपऱ्यातल्या एका भोकात शिरला. क्लाऊनची जोडी मधोमध पोहायला लागली!

संध्याकाळी शेजारीण डोकावली. "अगंबाई, किती गुण्यागोविंदाने राहतात! कुणी जमवलं?"

"माझ्या मुलींनी!" बाई अभिमानाने म्हणाल्या. "वळणच तसं लावलंय मी. एकमेकींना सांभाळतात, वर म्हातारीचं मनही सांभाळतात!"

शेजारीण गेली. बाईंनी टाकीत चिमूटभर खाणं टाकलं. मग हळूच म्हणाल्या, "अहो, मग इतकी वर्षं मी तिथे नेमकं करत तरी काय होते?"

फरशीवरचं फडकं पिळत यजमान म्हणाले, "फेरी मारत होतीस."