गच्चीवरचा डबा

कमोडमधलं पाणी खाली उतरायला आता पुरी चार मिनिटं लागत होती. स्टोअरकीपरने घड्याळ लावून मोजलं होतं. पाणी आधी काठापर्यंत वर यायचं, तिथे थांबून जरा विचार करायचं आणि मग गुडगुडत, उपकार केल्यासारखं खाली जायचं.

बावीस वर्षं गोदाम सांभाळलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. माल तुंबला की आधी आवक तपासायची. घरात माणसं तीन. तो, बायको आणि तीन आठवड्यांपूर्वी कायमचे राहायला आलेले त्याचे बाबा. आधीची दहा वर्षं पाणी विनातक्रार उतरत होतं, त्यामुळे संशयाला दुसरी जागाच नव्हती. बाबांना तो तसं तोंडावर म्हणाला नाही. त्याने संडासाच्या दाराला दोरीने एक वही बांधली, पेन्सिलीसकट. नाव, वेळ, पाणी किती वेळा सोडलं.

बायकोने वहीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बाबांनी आता कितीदा जायचं तेही लिहून द्यायचं का? लाज वाटू दे जरा."

"सगळ्यांनीच लिहायचंय," तो म्हणाला. "मीसुद्धा लिहितोय."

बाबांनी पेन्सिल उचलली. जन्मभर गवंडीकाम केलेले, कमी बोलणारे गृहस्थ. मोठ्या अक्षरात नोंद करायचे आणि गच्चीवर आपल्या खुर्चीत ऊन खात बसायचे.

मग उपाय सुरू झाले. शनिवारी त्याने रबरी पंप इतक्या जोराने दाबला की घाण पाणी उलटं शेजारच्या न्हाणीघराच्या जाळीतून वर आलं. रविवारी अॅसिड ओतलं. कमोड ढिम्म, पायपुसण्याला मात्र हाताएवढं भोक पडलं. सोमवारी आत तार सारली, ती अडकली. सगळा जीव लावून ओढली तेव्हा ती सुटली आणि तो तोल जाऊन फ्लशच्या टाकीवर आदळला. टाकीचे दोन तुकडे झाले. आता पाणी बादलीने ओतावं लागत होतं, आणि उतरायला लागत होती तीच चार मिनिटं.

समाधान एकाच गोष्टीचं होतं, वहीचं. बाबांच्या नोंदी कमी होत चालल्या होत्या. पहिल्या दिवशी सहा, मग चार, मग दोन, मंगळवारी फक्त एक. शिस्त लागली की फरक पडतो, असं तो जेवताना मोठ्याने म्हणालासुद्धा. बाबांनी समोरचा पाण्याचा पेला हळूच बाजूला सरकवला. ते त्याने पाहिलं, पण त्याच्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

बुधवारी बाबा दोन दिवसांसाठी म्हणून त्याच्या ताईकडे गेले. जाताना दोन्ही पिशव्या घेऊन गेले.

आता पाणी सुरळीत उतरायला हवं होतं. त्याने बादली ओतून घड्याळ लावलं. चार मिनिटं दहा सेकंद. तेव्हा कुठे त्याने प्लंबरला बोलावलं.

प्लंबरने एक बादली ओतली, गुडगुड ऐकली आणि गच्चीचा जिना कुठे आहे ते विचारलं. वर बाबांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी भिंतीलगत एक पाइप वर आला होता. त्याच्या तोंडावर रंगाचा डबा पालथा घातलेला आणि डब्यावर वीट.

"हा डबा कोणी घातला? इथून पाइपात हवा जाते. हवाच गेली नाही तर पाणी उतरणार कसं?"

डबा त्यानेच घातला होता. बाबा आले त्याच आठवड्यात. पाइपातून वास येतो म्हणून बाबांनी एकदा नाकाला रुमाल लावलेला त्याने पाहिला, आणि अर्धं गोदाम धुंडाळून बरोबर त्या मापाचा डबा शोधून आणला होता. नंतर ते साफ विसरून गेला होता.

प्लंबरने डबा उचलला. खाली बायकोने बादली ओतली आणि आठ सेकंदांत "गेलं" म्हणून तिची हाक आली. तो खाली आला आणि वहीसमोर उभा राहिला. सहा, चार, दोन, एक. आता त्याला तो सरकवलेला पेला कळला. आपल्याच घरात बाबा तहानलेले राहिले होते, आणि आपण त्याला शिस्त म्हणालो होतो. त्याला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

ताईच्या घरी बाबा खिडकीशी बसून पाणी पीत होते. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं.

"डब्यानेच अडलंय ते मला ठाऊक होतं," बाबा म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे? कितीदा गेलो तेवढंच विचारलंस." मग एक घोट घेऊन म्हणाले, "आणि डबा इतक्या हौसेने आणला होतास. काढ म्हणून कसं सांगू? खरं तर मी खुर्चीच चार पावलं सरकवणार होतो, तेवढ्यात तू वीट घेऊन वर आलास."

त्याने दोन्ही पिशव्या उचलल्या आणि घरी चला म्हणाला. बाबांनी पेल्यातलं उरलेलं पाणी सावकाश संपवलं.

"थांब जरा," ते उठत म्हणाले. "इथेच जाऊन येतो. इथे लिहावं लागत नाही."