पेणकरमामांना मानवलेली गावं

कुठल्याही गावात पोचलं की पेणकरमामा आधी तिथल्या नळाचं पाणी प्यायचे. चर्च, किल्ला, बाजार सगळं नंतर. समोर दिसेल त्या चहाच्या दुकानात शिरायचं, टोपी काढायची आणि काउंटरवरच्या बाईला अदबीनं म्हणायचं, "ओन्ली टॅप वॉटर, मॅडम." मग खुर्चीत ताठ बसून ते घोट घोट प्यायचं आणि पोटावर हात ठेवून दहा मिनिटं डोळे मिटायचे. तोवर आम्ही नवराबायको बाहेर वाऱ्यात कुडकुडत उभे. डोळे उघडून मामा "मानवलं" म्हणाले की आम्हाला गाव बघायची परवानगी. "बघू" म्हणाले की आमचा रविवार बोंबलला.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत मामा आमचे शेजारी, अगदी भिंतीला भिंत लागून. मुंबईचे मराठी बोलणारे ज्यू. पन्नाशीचा माणूस, मोटारीच्या कारखान्यात कायम रात्रपाळीला. आमचे हे हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. साठच्या दशकात आम्ही तिथे राहायला गेलो, तेव्हा त्या रस्त्यावर मराठी घरं ही दोनच. शनिवारी मामांचा शब्बाथ, त्या दिवशी ते कुठे जात नसत. रविवारी मात्र सकाळी आठच्या ठोक्याला आमच्या गाडीशी हजर. नाही म्हणायची सोयच नव्हती.

हातात एक कातडी बॅग. तिच्यात ओव्याची पुडी, सुंठ, एक बनियन आणि मोज्यांचे दोन जोड. पाय जरा ओले झाले की मोजे बदलायचे, मग ती जागा कुठली का असेना. एकदा भर बागेत बँड वाजत असताना, पहिल्या रांगेत बसून त्यांनी मोजे बदलले. समोरच्या ट्रॉम्बोनवाल्याचा सूर हुकला तो शेवटपर्यंत सापडला नाही. मी शरमेनं अर्धी झाले. मामा शांतपणे ओले मोजे पिळत होते.

पहिल्या खेपेला मी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी नेली होती. मामा चिडलेच. म्हणाले, लोकांच्या गावात येऊन आपलाच डबा उघडायचा तर घरीच बसायचं होतं. मग आम्ही समुद्रकाठच्या चिप्सच्या दुकानात गेलो. तिथे मामांनी विचारलं, कशात तळता? बाई अभिमानानं म्हणाली, बीफ ड्रिपिंगमध्ये. ती गाईची चरबी त्यांच्या धर्माच्या रीतीनं कापलेल्या जनावराची नाही म्हणून त्यांना चालेना, आणि गाईची म्हणून मला. दोघंही मुकाट्यानं गाडीत परत आलो आणि पुऱ्या खाल्ल्या. सगळ्यात जास्त मामांनी खाल्ल्या.

गावातली मजा मात्र ते एक सोडत नसत. पबबाहेर पायात घुंगरू बांधून, हातात रुमाल घेऊन नाचणारी मंडळी दिसली की मामा म्हणत, अरे हे तर आपलं लेझीम. आणि चक्क त्यांच्यात शिरत. नाचून घाम आला की लगेच आडोशाला जाऊन बनियन बदलत, घाम अंगावर वाळला तर छाती धरते म्हणून. गावातल्या म्हाताऱ्यांना गाठून इथे हिवाळा कसा असतो, खोकला किती दिवस टिकतो, हेही विचारत. म्हातारे खूष. त्यांना इतकं मन लावून कोण विचारणार?

एकदा मी वैतागून म्हटलं, "मामा, हा सगळा खटाटोप कशासाठी?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. आम्ही यायच्या आधी त्यांची बायको मलकाबाई एक हिवाळा तिथे काढून गेली होती. खोकत होती. जाताना एवढंच म्हणाली, मला इथलं मानवत नाही. तेव्हापासून ती अलिबागला बहिणीकडे. एवढ्या मोठ्या देशात तिला मानवेल असं एखादं गाव असणारच, अशी मामांची खात्री. ते सापडलं की तिथेच नोकरी बघायची आणि तिला आणायचं. म्हणून दर सोमवारी तिला पत्र: या गावचं पाणी असं, हवा तशी, भूक लागली की नाही.

"पण मामा, मानवतंय ते तुम्हाला. त्यांचं काय?"

"सुमन, सोळा वर्षं तिच्या हातचं जेवलोय. पोटं एकसारखीच झाली असतील की."



शेवटी सहा वर्षांनी मॉल्व्हर्नवर शिक्कामोर्तब झालं. डोंगराच्या कडेला झरा, कोरडी हवा, मामांना दोनदा कडकडून भूक. मलकाबाई उन्हाळ्यापुरत्या आल्या, परतीचं तिकीट घेऊनच. ठेंगण्या, नऊवारीवर मामांचा कोट. रविवारी आम्ही चौघं मॉल्व्हर्नला गेलो. मामांनी स्वतः झऱ्याचं पाणी भरून त्यांच्या हातात दिलं, बाकावर शेजारी बसले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. इतका घाबरलेला माणूस मी हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्येसुद्धा पाहिला नव्हता.

मलकाबाईंनी पाणी संपवलं, पदरानं तोंड पुसलं.

"पाणी चांगलंय," त्या म्हणाल्या. "पण अहो, पाणी तिथलंही चांगलंच होतं. खोकला काय, महिन्यात गेला. तुम्ही रात्री कामावर, दिवसा झोपलेले. मला इंग्लिश येईना. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी तोंड मिटून बसायचे. ते मानवलं नाही मला. माझी पत्रं लिहायचे मेहुणे, त्यांच्या हातनं हे लिहून घेऊ? सहा वर्षं माझ्या छातीची चौकशी केलीत. माझी कुठे केलीत?"

मामांनी रिकामा ग्लास त्यांच्याकडून घेतला.

"मी तरी कुणाशी बोलत होतो, मलका?"

दर रविवारी दिवसभर आमच्याशी अखंड बोलणारा माणूस हे म्हणाला, आणि ते खरं होतं. मला राग नाही आला, लाज वाटली; इतक्या वर्षांत आम्ही त्यांना 'तुम्ही कसे आहात' असं एकदाही विचारलं नव्हतं. ह्यांनी माझं कोपर धरलं आणि आम्ही उगाचच डोंगर चढायला लागलो. दीड तासानं खाली आलो तरी ती दोघं तिथेच होती.

सप्टेंबरात मलकाबाईंची बोट त्यांना न घेता सुटली. मामांनी साहेबाच्या मागे लागून दिवसपाळी मिळवली. आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ, त्यामुळे त्या हिवाळ्यात संध्याकाळ झाली की पलीकडून आवाज यायचे. दोघं एकदमच बोलत, कोणीच कोणाचं ऐकत नसे, आणि मध्येच दोघंही हसत. आमचे हे एकदा पेपर वाचता वाचता कंटाळून म्हणाले, भिंत ठोकू का जरा?

मी म्हटलं, खबरदार.