धर्मानाखव्यांचं वादळ

धर्मानाखवा रेडिओशी घासाघीस करायचे. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात आम्ही त्यांच्या मागच्या खोलीत भाडेकरू होतो, त्यामुळे हा सौदा रोज कानावर पडे. हवामानाची बातमी लागली की नाखवा ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन बसत. वारा ताशी चाळीस किलोमीटर, असं निवेदिकेनं म्हणायचा अवकाश, हे गरजत, "चालीस? साठ बोल, बाय, साठ! लाजतेस कशाला?"

आम्ही मालवणकडचे. वादळ टळावं म्हणून देवाला नारळ बोलणारी माणसं. हे गृहस्थ वादळ यावं म्हणून नारळ बोलायचे! आभाळात मूठभर ढग दिसला की गल्लीभर दवंडी, "आयला रं आयला, वादल आयला!" बायका धावत सुटून वाळत घातलेले बोंबील काढायच्या. संध्याकाळपर्यंत ऊन तसंच. मग नाखव्यांचा यथेच्छ उद्धार व्हायचा आणि त्यात नाखवीणबाईंचा आवाज सगळ्यात वर असायचा.

एका वर्षी मात्र रेडिओनं आपणहून मोठा आकडा सांगितला. नाखव्यांना कोण आनंद! लाल टोपी, धुतलेला सदरा, गळ्यात ट्रान्झिस्टर, स्वारी वरातीला निघाल्यासारखी खाडीवर. आसऱ्याला होड्या येऊ लागल्या. "आयली! अजून एक आयली!" नाखवा लहान पोरासारखे नाचत होते. मलाही चेव आला, मीही ओरडू लागलो.

दुपार झाली, वारा घोंगावू लागला. नाखव्यांचं नाचणं थांबलं. ट्रान्झिस्टर कानाशी धरून ते पुटपुटत होते, "कमी कर गो बाय. साठ नको. तीस बोल."

मी चक्रावलो. नाखवीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आमचा मोरू यायचा हाय."

घराण्याची होडी पिवळी. मोरूनं ती हिरवी रंगवली. हिरवी होडी माझ्या खाडीत लावायची नाही, असं बाप म्हणाला आणि लेक तडक सासुरवाडीच्या बंदरात निघून गेला. रंगावरून बापलेक तुटले! पण सासुरवाडीचं बंदर उघडं, वादळात आसरा आमच्याच खाडीत, आणि तेव्हा रंग कोण विचारतो?

अखेर लाटांत हिरवं काहीतरी दिसलं. नाखव्यांनी ट्रान्झिस्टर बंद केला. मला रडूच आलं.

मोरूला आईनं हाताला धरून घरी आणलं. जेवायला बसल्यावर नाखव्यांनी फक्त आपल्या ताटातली पापलेटची तुकडी त्याच्या ताटात सरकवली.

सकाळी लख्ख ऊन. रेडिओ म्हणाला, धोका टळला, मच्छीमारांनी समुद्रात जायला हरकत नाही. मोरू आत चहा पीत होता. नाखव्यांनी घाईनं आवाज बारीक केला आणि ट्रान्झिस्टर तोंडाजवळ धरला.

"बाय, दोन दिस तरी बोल. बरं, एक दिस."

बाहेर ऊन कडक होतं, पण नाखवीणबाईंनी त्या दिवशी बोंबील वाळत घातले नाहीत.