बेदाण्याच्या शेडमधलं ओव्हरक्लॉकिंग

सकाळी अकराच्या सुमारास मी ठरवलं, की आज बायकोला मदत करायची. (आमच्या घरातल्या बहुतेक दुर्घटनांची सुरुवात या एकाच वाक्याने होते.)

दीपाली, म्हणजे माझी बायको, तासगावात घरीच लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करते. मी पतसंस्थेत क्लार्क आहे. या वेळी तिला पहिल्यांदाच लग्न सोडून मोठं काम मिळालं होतं. सांगलीला आमच्या जैन समाजाचा पंचकल्याणक महोत्सव झाला, त्याची फिल्म. समितीचे अध्यक्ष भूपाल आण्णा तिला म्हणाले होते, "पोरी, ही फिल्म चांगली झाली तर हितनं फुडं समाजाचं सगळं काम तुझ्याकडं." त्या शब्दावर ती कित्येक दिवस राबत होती.

फिल्म त्याच दिवशी चार वाजता सभागृहात दाखवायची होती. चारच का? तर आमच्यात सूर्यास्ताआधी जेवतात. फिल्म लांबली की पंगत लांबणार आणि पंगत लांबली की सगळा समाज उपाशी झोपणार. उपाशी माणसाला फिल्म आवडत नाही.

आता त्या कॉम्प्युटरविषयी. तो मी स्वतः बांधलेला. इस्लामपूरला माझा मित्र जयराज याचं दुरुस्तीचं दुकान आहे, त्याने सुटे भाग दिले आणि मी ते जोडले. (दोन स्क्रू उरले. जयराज म्हणाला, उरतात.) त्यात मी सफरचंदाचं चिन्ह असलेल्या कंपनीची सिस्टीम घातली. ती त्या कंपनीच्याच यंत्रात चालते, त्यामुळे आपल्या यंत्राला खोटं बोलायला शिकवावं लागतं. आईला मी समजावलं, "म्हणजे आपल्या म्हशीला पटवायचं, की तू जर्सी गाय हाईस."

"आन् दूध कुणाचं देणार ती?" आईने विचारलं.

याचं उत्तर मला इंटरनेटवरही सापडलं नाही. पण सिस्टीम चालली. आवाज मधूनच जायचा आणि एकदा झोपला की कॉम्प्युटर उठायचा नाही. (हा गुण त्याने माझ्याकडून घेतला, असं दीपालीचं मत.)

तर त्या दिवशी दीपालीने रेंडर लावलं, म्हणजे सगळे तुकडे जोडून एक अखंड फिल्म करायचं काम कॉम्प्युटरला दिलं, आणि शिंप्याकडे ब्लाउज आणायला निघाली.

"दोनपर्यंत हुईल. तुमी फक्त हात लावू नका."

"मी कशाला हात लावतोय?"

"पायबी लावू नका."

ती गेली. पडद्यावरची निळी पट्टी एसटीने घाट चढावा तशी सरकत होती. मला वाटलं, प्रोसेसरचा वेग थोडासा वाढवला तर? याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त राबवून घ्यायचं. पतसंस्थेत मार्चअखेरीला आमचं होतं, तेच. दीपाली परत येईल तेव्हा फिल्म तयार असेल, तिचा चेहरा खुलेल, असं चित्र मी डोळ्यांपुढे आणलं. मग रेंडर थांबवलं, कॉम्प्युटर बंद करून सेटिंगमध्ये वेग वाढवला आणि पुन्हा सुरू केलं.

काय पळाला हो! मी टाळी वाजवली. तेवढ्यात कॅबिनेटमधून इस्त्रीसारखा वास आला आणि तो बंद पडला. तापला होता. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद.

शहाण्या माणसाने वेग कमी केला असता. मी वारा शोधला. घरामागेच आमची बेदाण्याची शेड आहे. चारी बाजू उघड्या, जाळ्यांवर द्राक्षं वाळत घातलेली आणि दिवसभर खेळता वारा. जो वारा द्राक्षांचं पाणी पळवतो, त्याला प्रोसेसर काय जड? मी वायर ओढली, रिकाम्या क्रेटवर कॉम्प्युटर मांडला आणि बाजूचं झाकण काढलं. आई तिथेच बेदाणे निवडत बसली होती.

आणि खरंच, कॉम्प्युटर गार राहिला! रेंडर सुसाट निघालं. जयराजला फोन लावून मी फुशारकी मारत होतो, तोच आई ओरडली, "आरं, बंद कर! पंखा बंद कर!"

मी काही करायच्या आत तिने बटण दाबलं.

"आई! अगं, फिल्म!"

"मुंग्या शिरल्यात आत. पंख्यात चिरडून मरतील त्या."

मी वाकून पाहिलं. क्रेटला बेदाण्याचा चिकटा लागलेला होता आणि त्यावरून मुंग्यांची शिस्तशीर रांग थेट मदरबोर्डात चालली होती.

फोनवरून जयराज म्हणाला, "ब्लोअर मार, गड्या. एका फुंकरीत साफ."

"कोण हाय त्यो?" आईने विचारलं. "त्याला म्हणावं, सोताच्या घरात मार."

आईने बटणाशेजारीच पाट मांडला. क्रेटखाली गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, "येतील आपल्या आपण." मग मी पोटावर पालथा पडून टॉर्च मारत एकेका मुंगीला विनवत राहिलो. त्यांना घाई नव्हती. मला मात्र खरंच रडू यायचं बाकी होतं.

अशा अवस्थेत दीपालीने मला पाहिलं.

"काय करताय?"

"मुंग्या काढतोय."

"फिल्म?"

"मुंग्यांच्या मागं हाय."

तिने ब्लाउजची पिशवी आईकडे दिली आणि वाकून आत पाहिलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. शेवटची मुंगी बाहेर पडल्यावर मी कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर सफरचंद आलं आणि तिथेच बसून राहिलं.

"फळ तर आलं की," आई म्हणाली.

दीपालीने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. "कालच्या फिल्मची कॉपी हाय ह्यात. आण्णांचं भाषण आन् देणगीदारांची नावं आज सकाळी जोडली हुती, ती ह्यात न्हाईत."

"तू कालच कॉपी काढलीस?"

"घरात तुमी हाय न्हवं?"

सांगलीला सभागृह भरलं होतं. फिल्म सुरू झाली. अभिषेक आला, मिरवणूक आली, बायकांनी डोळे पुसले आणि फिल्म संपली. टाळ्या थांबेनात. भूपाल आण्णा उभे राहिले. "माझं भाषण कुठं गेलं?"

मी खुर्चीत खाली सरकलो. दीपाली हात जोडून म्हणाली, "आण्णा, मशिनमध्ये मुंग्या शिरल्या हुत्या. पंखा फिरवला असता तर भाषण आलं असतं, पण मुंग्या मेल्या असत्या. ह्यांनी एकबी मरू दिली न्हाई."

सभागृहाने पुन्हा टाळ्या वाजवल्या. एवढ्या समाजापुढे आण्णा काय बोलणार? "भाषणापेक्षा जीव मोठा," ते कसेबसे म्हणाले. आण्णांच्या पत्नी शेजारी बसलेल्या बाईला म्हणाल्या, "मुंग्यांना पुण्य लागलं बाई, भाषण टळलं, येळेवर जेवाय मिळालं." दीपालीला पुढचं सगळं काम मिळालं आणि माझ्या खांद्यावर शाल पडली. ती मी घरी पोचेपर्यंत काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आण्णांचा फोन. "गोमटेश, जरा काम हुतं तुझ्याकडं."

मी ताठ बसलो. समितीच्या ऑफिसला कॉम्प्युटर हवा असणार! "बोला आण्णा. लय फास्ट बांधून देतो."

"छे छे, कॉम्प्युटरचं काय असलं तर आमी दीपालीला इचारू," आण्णा म्हणाले. "आमच्या फ्रीजमागं मुंग्या झाल्यात. तू गूळ घिऊन ये."