हालचाल नोंदवही

आवक-जावक शाखेच्या हेडक्लार्कना सगळे शेरेकाका म्हणत, कारण शेरा मारल्याशिवाय त्यांच्या टेबलावरून कागद पुढे सरकत नसे. त्या सोमवारी आलेल्या परिपत्रकावर मात्र काय शेरा मारावा हे त्यांना सुचेना. कार्यालयाने वीजबचतीची मोहीम काढली होती. प्रत्येक शाखेच्या छताला वाटीएवढं एक पांढरं यंत्र बसणार होतं आणि 'ज्या शाखेत दहा मिनिटे हालचाल आढळणार नाही, तेथील दिवे व पंखे आपोआप बंद होतील.' इथवर ठीक होतं. पण खाली आणखी एक ओळ होती. महिनाअखेर ज्या शाखेची बचत सर्वांत कमी भरेल, ती शेजारच्या शाखेत विलीन करण्यात येईल.

शेजारची शाखा बांधकामाची, आणि तिचे प्रमुख म्हणजे शेरेकाकांचे सख्खे साडू. हा गृहस्थ कुठल्याही बाबतीत मागे राहणारा नव्हता. शेरेकाकांनी भिंतीवरचं घड्याळ घेतलं, तर आठवड्यात साडूंकडे टोले देणारं घड्याळ आलं. त्यांच्या हाताखाली बसायची पाळी येणं म्हणजे जिवंतपणी मरण. घरी बायकोने तर सरळच सांगून टाकलं, "तुम्ही भाऊजींचे कारकून झालात, तर मी ताईच्या घरी पाऊल ठेवणार नाही."

तेव्हा परिपत्रकाचा शब्दन् शब्द तपासून बघणं भाग होतं, आणि शेरेकाका 'हालचाल' या शब्दापाशी अडले. त्यांना तीस वर्षांच्या नोकरीत एकच हालचाल ठाऊक होती, ती म्हणजे हालचाल नोंदवही. जागेवरून उठणाऱ्याने कुठे चाललो, कशासाठी, किती वाजता गेलो आणि किती वाजता परतलो, हे त्या लांबलचक वहीत लिहून सही करायची असते. कुणी करत नसे, ती गोष्ट वेगळी. वही रद्दीच्या ढिगाखालून काढावी लागली.

"पण काका, छताला चिकटलेलं यंत्र वही वाचणार कसं?" टायपिस्टबाईंनी विचारलं.

हे शेरेकाकांनाही नीटसं कळलं नव्हतं. पण कळलं नाही म्हणून परिपत्रक चुकत नाही, या तत्त्वावर त्यांनी एक स्टूल यंत्राच्या बरोब्बर खाली ठेवलं आणि त्यावर वही उघडी मांडली. मग तिघेही, म्हणजे ते, टायपिस्टबाई आणि शिपाईमामा, हाताची घडी घालून बसले. दहा मिनिटांनी दिवे गेले. शेरेकाका उठून स्टुलापाशी गेले, 'पाणी पिणे' अशी नोंद करायला पेन उचललं, आणि पहिलं अक्षर उमटायच्या आत लख्ख उजेड पडला. शिपाईमामांनी यंत्राला हात जोडले.

त्या दिवसापासून शाखेत दर दहा मिनिटांनी कुणीतरी उठू लागलं. आधी कारणं खरी होती. दोन दिवसांत ती संपली, आणि मग 'खिडकी उघडणे', 'खिडकी उघडी असल्याची खात्री करणे' अशा नोंदी पडू लागल्या. काही सुचलं नाही की शिपाईमामा बांधकाम शाखेत जाऊन उभे राहत आणि कारणाच्या रकान्यात 'नुसतेच' लिहीत. एखादा दाखला मागायला आलेला माणूसही आधी वहीत सही करी, मगच तोंड उघडी. काम तसंच पडून राहिलं, पण दिवे मात्र गेले नाहीत.

एकदा मात्र गेले. बाकी दोघे जेवायला गेले होते आणि शेरेकाका एका फायलीत मान घालून बसले होते. बाहेर आभाळ भरून आलेलं, त्यामुळे अचानक अंधार झाला. ते चाचपडत स्टुलापाशी आले, मोबाइलच्या उजेडात वही बघितली आणि चकित झाले. शिपाईमामांनी सकाळच्या फेरीवरून परत आल्याची वेळच लिहिली नव्हती. त्यांनी ती घालायला हात पुढे केला आणि दिवे लागले.

"अपुरी नोंद चालत नाही त्याला," जेवून आलेल्या दोघांना त्यांनी आदराने सांगितलं. "आपल्यापेक्षा यंत्राला शिस्त जास्त."

पंचवीस तारखेला वायरमन मीटर बघायला आला आणि डोकं खाजवत उभा राहिला. बांधकाम शाखेचं मीटर बघायचं राहिलं होतं, पण बाकी सगळ्या शाखांचा वापर उतरला होता, आणि या तीन माणसांच्या शाखेचा मात्र दीडपट झाला होता. शेरेकाकांना काही समजेना. दिवा एकदासुद्धा नियमबाह्य विझू दिला नाही आणि तरी बचत नाही, हा कुठला न्याय? त्यांनी वही दाखवली. वायरमन पानं उलटत गेला आणि मग तिथेच स्टुलावर बसला.

"काका, त्याला वही-बिही काही कळत नाही. माणूस हलला की ते जरा वेळाने दिवा लावतं. हालचाल म्हणजे हातपाय हलवणं."

"नुसते हातपाय?"

"नुसते."

"सही नको?"

वायरमनने नकारार्थी मान हलवली. शेरेकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. दिवे विझणं हीच बचत होती, आणि ते महिनाभर तिच्याशी जिवाच्या आकांताने भांडत आले होते. पाच दिवस उरले होते.

मग आवक-जावक शाखा हलायची थांबली. टेबलं खिडकीच्या उजेडाला लावली, पंख्याचा नाद सोडला, आणि तिघे असे बसले की माशी बसली तरी फक्त फुंकर मारायची. टायपिस्टबाई एका बोटाने टाइप करत, तेही मनगट न उचलता. शिपाईमामांना शिंक आली आणि दिवे लागले, तेव्हा शेरेकाका त्यांच्याशी दुपारपर्यंत बोलले नाहीत. एकदा मॅडमनी, म्हणजे कार्यालयप्रमुखांनी, दार उघडलं, अंधुक उजेडात तीन निश्चल आकृत्या पाहिल्या आणि दार हळूच लावून घेतलं.

महिनाअखेरीच्या बैठकीला शेरेकाका फाशीच्या तक्त्याकडे जावं तसे गेले. मॅडमनी यादी वाचायला घेतली. एकेक शाखा पार होत गेली आणि शेवटून दुसरी म्हणून आवक-जावक आली. शेवटून दुसरी! शेरेकाकांनी शेजारी बसलेल्याकडून ओळ पुन्हा वदवून घेतली. सर्वांत शेवटी होती बांधकाम शाखा.

साडूंनी उभं राहून खुलासा दिला. आवक-जावकचा शिपाई सारखा येऊन उभा राहतो म्हणून त्यांनी त्याला एकदा खोदून विचारलं होतं आणि सगळी पद्धत काढून घेतली होती. "ते दर दहा मिनिटांनी नोंद करत होते," साडू म्हणाले, "म्हणून आम्ही दर पाच मिनिटांनी केली. बावीस माणसं. चौदा वह्या भरल्या, मॅडम."

शेरेकाकांना टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. बांधकाम शाखा आवक-जावकमध्ये विलीन! साडू त्यांच्या खोलीत! त्यांनी टेबलाखालून घरी फोन लावला, कुजबुजत एवढंच सांगितलं की भाऊजी आपल्या शाखेत येताहेत, आणि फोन ठेवला. तेवढ्यात मॅडम आदेशाचा उरलेला भाग वाचू लागल्या. विलीन शाखेचे प्रमुख अर्थातच सेवाज्येष्ठतेने ठरणार होते, आणि साडू दोन वर्षं आधी लागले होते. हरकत असल्यास आताच सांगा, असं मॅडम म्हणाल्या. शेरेकाकांनी तोंड उघडलं. पण नियम बरोबर होता, आणि बरोबर नियमाला हरकत घ्यायची त्यांना सवय नव्हती.

संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा बायको दारातच उभी होती, तोंडभर हसत.

"मी ताईला लगेच कळवलं हो. म्हटलं, भाऊजी उद्यापासून आमच्या ह्यांच्या शाखेत. आणि सांगू, ताई एवढी गोड कधी बोलली नव्हती. म्हणाली, भाऊजींना खिडकीजवळचं टेबल लागतं, ते उद्या पुसून ठेवायला सांग." ती जरा थांबली. "पण मला एक कळलं नाही. ते टेबल तर तुमचं ना?"

शेरेकाका बाकावर बसून बूट काढत होते. एक काढून झाला होता. दुसरा काढायला त्यांनी बराच वेळ घेतला.