अर्धं रक्ताचं, अर्धं घरचं

चंदनने कुंदनला चावावे आणि कुंदनने चंदनला बुकलावे, याबद्दल घरात कोणाची तक्रार नव्हती. जुळी पोरे आहेत, आपसात करमणूक करून घेतात, असे समजून सगळे गप्प बसत. पण नागपंचमीनंतर दोघांनी कधी नव्हे ती एकी केली आणि वर्गातल्या एका तिसऱ्याच मुलाला दोन बाजूंनी धरून चावले. तेव्हा पहिलीच्या स्वाती मॅडमनी आईबापांना शाळेत बोलावून घेतले.

आईबापांना पाहून मॅडमच कोड्यात पडल्या. चंद्रभान भंडाऱ्यातला विणकर. दिवसभर हातमागावर बसायचा आणि घरातले बोलण्याचे काम मागावरच सोपवायचा. कौशल्या तर त्याच्याहून गरीब. लग्न होऊन सात वर्षे झाली, तरी तिचा आवाज भिंतीपलीकडे कधी गेला नव्हता. असल्या गोगलगाईंच्या पोटी ही दोन माकडे आली कुठून?

"हे बघा, मुलांचा असा मारकुटेपणा थोडा रक्तातून येतो, थोडा घरातून," मॅडम म्हणाल्या. "साधारण अर्धा अर्धा म्हणा. मी वाचलंय. वेगवेगळ्या घरी वाढलेली जुळी मुलं बघून शास्त्रज्ञ हे ठरवतात. ते असू द्या. पोळ्यापर्यंत दोघांना घरीच ठेवा. सुधारले तर घेऊ परत. नाही तर दुसरी शाळा बघावी लागेल."

दुसऱ्या शाळांपर्यंत पोरांची कीर्ती आधीच पोहोचली होती. कौशल्या रस्ताभर पदराने डोळे पुसत घरी आली.

चंद्रभानच्या आईने, रुखमिणीबाईंनी, अर्ध्या-अर्ध्याची वाटणी उभ्या उभ्या करून टाकली. "रक्त म्हंजे मामाचं! त्या सानगडीच्या सेवकरामचं. लग्नाच्या पंगतीत वाढप्यावर कसा वरडला होता, मी काय पाहिलं नाई? पोट्टे पुरे मामावर गेले."

"आन घराचं अर्धं कोनाचं मंग, आई?" कौशल्या हळूच म्हणाली.

"घर आमचं. आमच्या घरी कोनी मुंगी नाई मारत!" रुखमिणीबाई इतक्या जोरात म्हणाल्या की ओट्यावरचे मांजर पळाले.

तेवढ्यात माग थांबला. चंद्रभान बोलणार याची ती खूण होती. "मॅडमनं सांगतलं तसंच करून पाहू न," तो म्हणाला. "चंदन इथं राहू दे, कुंदनले मामाकडं पाठवू. मंग दिसनच, रक्ताचं आहे का घराचं."

एवढा मोठा विचार चंद्रभानने आयुष्यात प्रथमच मांडला होता. त्यामुळे त्यात काही खोट असेल असे कोणाला वाटले नाही. सेवकराम मोटारसायकल घेऊन आला आणि कुंदनला पुढे बसवून सानगडीला घेऊन गेला. आदल्या दिवशी एकमेकांचे केस उपटणारी पोरे निघताना गळ्यात गळे घालून रडली.

आता परीक्षा पोरांची होती, पण अभ्यासाला बसली मोठी माणसे. आपल्या घराला बोल लागू नये म्हणून रुखमिणीबाईंनी चंदनला 'नाही' म्हणणेच सोडून दिले. त्याने मागितले ते हजर, फेकले ते छान. तिकडे सानगडीत सेवकरामनेही तेच धोरण धरले. पोरांना कोणाशी भांडावे असे कारणच उरले नाही.

"मावशी, पोट्टा गाय आहे, गाय!" सेवकराम फोनवर सांगे.

"आमचाबी गायच आहे," रुखमिणीबाई ठसक्यात उत्तर देत. पण सानगडीलाही गाय निघाली, हे त्यांना मुळीच रुचत नसे.

कौशल्याला मात्र वेगळेच दिसत होते. चंदन रोज रात्री अंथरुणाची एक बाजू मोकळी ठेवून भिंतीला चिकटून झोपायचा. तिचा जीव तुटायचा, पण प्रयोग मोडला असता म्हणून ती काही बोलली नाही.

निकालाचा दिवस ठरला तान्ह्या पोळ्याचा. त्या दिवशी पोरे चाकांचा लाकडी बैल सजवून घरोघर फिरवतात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात, कोणी खाऊ, कोणी पैसे. घरात बैल एकच होता आणि मागच्या वर्षी त्याच्यापायी दोघांची डोकी फुटली होती. "एक बैल, दोन पोट्टे. नाई भांडले तर पास," असे रुखमिणीबाईंनी जाहीर केले आणि स्वाती मॅडमना मुद्दाम बोलावून खुर्चीवर बसवले. मॅडमच्या हातात चिवड्याची बशी होती.

सेवकराम कुंदनला घेऊन आला, तो मागे एक नवा कोरा बैल बांधूनच. जुन्याच्या दुप्पट! "भाचा एवढा शहाना झाला, म्हनून घेतला," तो मिशीवर हात फिरवत म्हणाला.

"काहून आनला हा?" रुखमिणीबाई कडाडल्या. "दोन बैल झाल्यावर पोट्टे भांडतील कायले? परीक्षा बुडवता काय? घेऊन जा वापस!"

"बापा, पोट्ट्याले खेळनं देऊ नाई काय मी?"

"मी म्हटलं, घेऊन जा!"

त्यांनी बैलाचे शिंग धरले. सेवकरामने मागचे चाक धरले. चंद्रभान दोघांच्या मध्ये शिरला आणि दोन्हीकडून कोपर खाऊन बाहेर आला. शेवटी कडकन आवाज झाला. शिंग रुखमिणीबाईंच्या मुठीत राहिले आणि सेवकराम बैलासकट मागच्या मागे बसला.

"पाहा मॅडम, पाहा! हेच ते रक्त!" रुखमिणीबाई शिंग नाचवत ओरडल्या. "कपाळावरची ते खूण पाहा त्याच्या. लहानपनापासून मारामाऱ्या करून राहिला असन!"

सेवकरामचा संयम सुटला. "मारामाऱ्या? मी? हे खूण तुमच्या सुनेनं केली! लाटनं फेकून मारलं होतं. काहून, तर मी तिची बोरं खाल्ली!" त्याने बाही वर केली. "आन हे दात पाहा दंडावरचे. हेबी तिचेच! गल्लीतले पोट्टे तिले पाहून रस्ता बदलत. तिच्या संसारात बोल नको म्हनून मी आजवर चूप राहिलो."

"दादा, चूप!"

कौशल्याचा हा आवाज असा होता की शेजारच्या घरातला मागसुद्धा थांबला. आणि पस्तिशीचा, मिशीवाला, धिप्पाड सेवकराम चटकन उठून चंद्रभानच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला.

कौशल्या मटकन खाली बसली आणि रडू लागली. "खोड माहीच आहे, मॅडम. लाजेपायी नाई सांगतली. दादाचं नाव होत राहिलं न मी आयकत राहिली. पन पोट्ट्यायले काढू नका शाळेतून. त्यायची काय चूक?"

रुखमिणीबाई सुनेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हातातले शिंग हळूच खाली ठेवले. "कायले काढतील?" त्या मॅडमकडे वळल्या. "सात वर्सं झाले इले या घरी येऊन. मी काय कमी बोलली इले? उठता बसता बोलली. एक दिवस चावली नाई मले!"

मॅडमना हसू आवरेना. "म्हणजे ही खोड सुटते म्हणायची. पण मुलं कुठं आहेत?"

सगळे अंगणात धावले. जुना बैल घेऊन पोरे कधीच निघून गेली होती. आता ती गल्लीतून परत येत होती. चंदन पुढून दोरी ओढत होता, कुंदन मागून ढकलत होता आणि दोघांचे खिसे बोजाऱ्याने फुगले होते. मोठ्यांच्या भांडणाकडे त्यांना ढुंकूनही बघायला वेळ नव्हता.

"सोमवारपासून पाठवा दोघांना," मॅडम म्हणाल्या. कौशल्याने डोळे पुसून दोन्ही पोरांना एकदम उराशी धरले, तेव्हा सेवकरामचेही डोळे भरून आले.

"रक्त कोनाचंबी असो," रुखमिणीबाई जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकवत होत्या, "वळन आमच्या घरचं!"

संध्याकाळी सगळे एका पंगतीत जेवायला बसले. रुखमिणीबाईंनी पहिला घास घेतला. "कौशल्ये, भाजीत मीठ जरा..." त्या सवयीने म्हणाल्या. हातात पोळीचे लाटणे घेऊन कौशल्याने चुलीपासून मागे वळून पाहिले.

"बरोबर आहे, माय," रुखमिणीबाई म्हणाल्या. "एकदम बरोबर आहे."