डाएट झालं, आता भात वाढा

खाण्यातलं मला कोणी शिकवावं असा माणूस पेण तालुक्यात अजून जन्माला यायचाय! शिजलेलं शीत बोटात धरून मी सांगते, तांदूळ नवा की जुना, आणि भात शिजताना बाई भातापाशी होती की मोबाईलपाशी. शाळेत मी दुसरीपर्यंत गेले. तिसरीला घालायच्या वेळी आमची म्हैस व्याली आणि घरात माझ्यापेक्षा तिच्याकडे बघायला माणूस लागत होतं. पण त्यावाचून माझं कधी अडलं नाय. पुस्तकं वाचलेल्या बायकांना मी आमटी शिकवलीय!

तरी जे झालं ते झालं. सांगते. हसायचं तर हसा, पण माझ्या तोंडावर नको.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा पिकलेला, उजवा पिकायच्या वाटेवर. समोरून माणूस येतोय की बैल, हे तो बोलला की कळायचं. तेवढं चालवून घेत होते. पण एक दिवस वालाच्या आमटीत खडा निघाला, आणि तो नेमका माझ्या नातवाच्या, अक्षयच्या दाढेखाली! वाल मी निवडले होते. या घरात वाल मीच निवडते. दुसऱ्या दिवशी माझी सून रोहिणी आली आणि माझ्या मांडीवरचं सूप अलगद उचललं.

"राहू द्या आई, मी निवडते."

गोड आवाजात! घरातली सत्ता अशीच जाते बरं का. कोणी भांडून घेत नाय, सूप उचलून नेतात. आज सूप, उद्या डब्याच्या चाव्या, परवा मी खाटेवर बसून "कोण आलं गो?" विचारणारी म्हातारी! म्हटलं, डोळा करायचाच.

डोळ्यांच्या डॉक्टरने रक्त तपासलं आणि मान हलवली.

"आजी, साखर खाली आल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही. जेवणात काय असतं?"

"भात."

"आणि?"

"भातावर आमटी."

"आणि?"

"आमटी उरली तर परत भात."

तो म्हणाला, "भात कमी करा. वडे, भजी, गोड बंद. हेल्दी खा. महिन्याभराने ऑपरेशनची तारीख देतो, तोवर साखर उतरायला हवी."

घरी येऊन अक्षयला विचारलं. तो कंपनीतून शिफ्ट करून आला होता, डोळे मिटूनच म्हणाला, "अगो आजी, हेल्दी म्हणजे आपल्या रितेशचं दुकान. रामवाडीत, हायवेला."

रितेश हा अक्षयच्या वर्गातला. आधी तिथे पंक्चरचं दुकान होतं, ते याने घेऊन हिरवं रंगवलं आणि 'हिरवा घास' असं नाव दिलं. पोरगा हुशार, दुसरी शाखा रोह्यालाही काढली. मी तिथे गेले नसते. पण त्याच संध्याकाळी रोह्याजवळच्या वरस्याहून माझ्या धाकट्या बहिणीचा, मालूचा फोन!

"अक्का, माझी साखर आली ना खाली! त्या रितेशच्या रोह्याच्या दुकानातून डबा आणत होते. डोळा पण झाला. आता समोरच्या बिल्डिंगीतल्या बाईची नथ खरी की खोटी ते मला खिडकीतून कळतं!"

मालू माझ्याहून धाकटी. लग्न माझं आधी, लेकरं मला आधी, नातू मला आधी. आणि डोळा मात्र तिचा आधी? हे काय मला पटण्यासारखं नव्हतं.

सकाळी मी दुकानाच्या दारात हजर.

"या या आजी!" रितेशने खुर्ची दिली. "आपल्याकडे मैदा नाय, साखर नाय, तळलेलं नाय!"

"मग दुकान कशाला उघडलंस रे?"

तो हसला आणि मला ग्लासभर काहीतरी तपकिरी दिलं. त्याला म्हणे ओट्सची स्मूदी म्हणतात. मी नाक धरून एक घोट घेतला. नाक सोडलं. दुसरा घोट घेतला. ग्लास रिकामा! मग त्याने चपातीसारख्या कशात तरी पाला गुंडाळून दिला, तो रॅप. मग वाडगाभर कच्ची पानं, त्यावर काहीतरी पांढरं, दाट, चकचकीत. पाल्याला एवढी चव असते हे मला सत्तर वर्षांत कळलं नव्हतं! आमची म्हैस उगाच नाय खूश असायची.

तेव्हापासून मी रोज दुकानात. सकाळी ग्लास, दुपारी रॅप, संध्याकाळी पाला.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगते, तुम्ही घाटावरचे असाल तर तुम्हाला माहीत नसेल. पोटात भात गेला नाय तोवर माणूस जेवला असं आमच्याकडे कोणी धरत नाय. लग्नात पुरी, बासुंदी, जिलबी हाणून आलेला माणूस घरी येऊन म्हणतो, "मूठभर भात वाढ गो, सकाळपासून उपाशी हाय." मग मी तरी दुकानातून आल्यावर काय करणार?

"रोहिणी, वाढ गो."

"आई, दुकानात खाल्लंत ना?"

"ते खाणं हाय? ते औषध! औषध घेतलं म्हणून कोणी जेवायचं थांबतं?"

"डॉक्टरांनी भात कमी सांगितलाय."

"ते औषध नव्हतं तेव्हाचं झालं. आता वरून औषध चालू हाय. मी जेवढा भात खाते तेवढा ते उतरवतं."

रोहिणीने काहीतरी पुटपुटत अर्धी वाटी वाढली. मी ताट पुढे सरकवलं आणि तिथेच धरून ठेवलं. तिने आणखी वाढला. एखाद्या दिवशी भात जरा जास्त झाला असं वाटलं, तर मी परत जाऊन आणखी एक ग्लास पिऊन यायची. आपल्याकडून कसूर नको!

दुकानात येईल त्याला मी सांगत सुटले. "बघा, मालूची साखर कुठच्या कुठे पळाली. माझी पण पळाली असणार!" माझ्या शब्दावर रामवाडीतल्या बायका नवऱ्यांना घेऊन यायला लागल्या. रितेशच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याने हायवेला माझा फ्लेक्स लावला! मला लांबून हिरवा ढग आणि त्यात जांभळं लुगडं एवढंच दिसलं. लुगडं माझं होतं, म्हणून मी स्वतःला ओळखलं. अक्षयने वाचून दाखवलं: "गिरजाआजींच्या तब्येतीचं गुपित, हिरवा घास!"

"चेहरा कसा आलाय रे?"

"आजी, तू निवडणुकीला उभी राहिल्यासारखी दिसतेस."

"मग बरा आलाय."

फ्लेक्स लागला त्या रविवारी रितेशने दुकानासमोर मांडव घातला. मोफत शुगर तपासणी! लॅबमधून मृणाली नावाची मुलगी बोटाला टोचायचं यंत्र घेऊन आली. रितेशच्या हातात माईक.

"मंडळी, पहिला मान आजींचा! परवा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. आज त्यांची शुगर तुमच्यासमोर बघू!"

मी नवं लुगडं नेसले होते. ऐटीत बोट पुढे केलं. मृणालीने टोचलं, यंत्र बघितलं, परत बघितलं आणि रितेशच्या कानाला लागली. पण मेल्याने माईक तोंडापाशीच धरलेला!

"तीनशे नव्वद!"

तिची कुजबुज हायवेच्या पलीकडे ऐकू गेली. आणि टाळ्या! कडकडून टाळ्या! लोकांना वाटलं, एवढा मोठा आकडा, म्हणजे आजी पहिली आली. मी उठून चारी बाजूंना हात जोडले. कोणीतरी शिट्टी पण मारली.

"अहो टाळ्या काय वाजवताय?" मृणाली ओरडली. "आजींना डॉक्टरकडे न्या!"

रितेशचा चेहरा मला दिसला नाय, पण आवाज पातळ झाला. "यंत्र बिघडलंय. हाय ना, मॅडम? बिघडलेलंच हाय."

"मग तुमचं बोट द्या."

त्याने हसत हसत बोट दिलं. दोनशे साठ! माईक अजून चालूच होता. बिचारा तिन्ही त्रिकाळ स्वतःच्याच दुकानातलं खात होता. एवढा इमानदार दुकानदार हायवेला दुसरा सापडायचा नाय.

मांडव बघता बघता रिकामा झाला. जाता जाता एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "चला, त्यापेक्षा वडापाव खाऊ."

डोळ्याच्या डॉक्टरने ऑपरेशन पुढे ढकललं. वर मला सांगितलं, "आजी, असंच चाललं तर डोळा राहूच दे, आधी तुम्हालाच ॲडमिट करावं लागेल." मला राग आला. डॉक्टरवर कसा काढणार? घरी आले आणि रोहिणीवर काढला.

"माझ्या आमटीत गूळ घालतेस तू! किती घालतेस? खरं सांग!"

"वालाच्या आमटीत गुळाचा खडा तुम्हीच घालायला शिकवलात."

"चिमणीच्या डोळ्याएवढा शिकवला होता! मी बरी झाले तर सूप परत मागेन, ही भीती हाय तुला!"

रोहिणी या घरात आल्यापासून माझ्यासमोर मोठ्याने बोलली नव्हती. त्या दिवशी तिने पदर खोचला. "उठा. मला दाखवा तुमचं औषध."

दुकानात रितेश एकटाच माशा मारत बसला होता. रोहिणी त्याच्या काउंटरमागे गेली. "आई पितात तो ग्लास माझ्यासमोर बनव."

"काकी, सगळं नॅचरल हाय."

"बनव तर."

"हे ओट्स."

"चमचाभरच?"

"जास्त घातले तर गिळवत नाय, काकी. ही दोन केळी. नॅचरल. हा खजूर, नॅचरल. हा मध..."

"नॅचरल! आणि किती ओततोस रे? रितेश, ऊस काय कारखान्यात उगवतो?"

मी काउंटरला टेकून ऐकत होते. केळी, खजूर, मध, दूध... यात रवा भाजून घातला की सत्यनारायणाचा प्रसाद होतो! म्हणजे मी पूजा न करता, उपास न धरता, रोज ग्लासभर प्रसाद पीत होते!

मग तिने पाल्यावरच्या पांढऱ्या दाट वस्तूची बाटली उचलून मागचं बारीक वाचलं. "पहिलं तेल. मग साखर. तुझ्या पाटीवर तर साखर नाय लिहिलंय."

"मी वेगळी घालत नाय, काकी. ती आतच येते."

"आणि हा रॅप? गव्हाचा?"

"रंग तरी गव्हाचाच हाय..." त्याने पाकीट उलटं केलं, वाचलं आणि सरळ करून ठेवलं. रोहिणीने ते उचलून मोठ्याने वाचलं. मैदा! मग तो एकदम रडवेला झाला. "पण काकी, मी लोकांना फसवायला नाय बसलो. मला पण वाटलं चांगलं हाय. आणि एक विचारू? हे खाऊन आजी घरी परत जेवत नाय ना?"

रोहिणीने माझ्याकडे बघितलं. मी हायवेकडे बघितलं. एक ट्रक चालला होता, निदान आवाज ट्रकचा होता.

घरी येऊन मी मालूला फोन लावला. "खरं सांग गो, हे असलं खाऊन तुझी साखर खाली आली कशी?"

ती हळूच म्हणाली, "अक्का, माझ्या सुनेला कळता कामा नये. मला ते गिळवलंच नाय गो! डबा आणायची, सुनेसमोर झाकण उघडायची आणि घरामागच्या परड्यात जाऊन कोंबड्यांना घालायची. मग एक भाकरी, पालेभाजी खाऊन गप पडून राहायची. भात मागायची सोय नाय, डबा खाल्ला म्हणून सांगितलेलं ना!"

"आणि कोंबड्या?"

"फुगल्यात नुसत्या. अंड्याचं नाव नाय!"

मी फोन ठेवला. सगळ्या खानदानात ते चवीने खाणारी मी एकटी निघाले.

आता रोहिणीचं राज्य सुरू झालं. नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं, शेवग्याचा पाला, दुधीची पातळ आमटी. भात बंद. थोडा नाय, बंदच! मी तोंडाने काय बोलले नाय, पण ताट जरा आपटून ठेवायची. साखर उतरायला लागली, हे मात्र मृणाली घरी येऊन सांगून गेली. डॉक्टरने नवीन तारीख दिली.

त्या संध्याकाळी जेवायला बसले तर ताटाच्या कडेला पांढराशुभ्र भात! इवलासाच, पण भात! म्हटलं, पोरीला आपण काय काय बोललो, आणि ही बघा, तारीख मिळाली म्हणून डॉक्टरची चोरून आपल्याला खूश करतेय. माझ्यासारखी बाई कोणापुढे मान तुकवत नाय, पण त्या दिवशी म्हटलं, आपणही मन मोठं करावं.

"रोहिणी," मी त्यावर आमटी ओतत म्हणाले, "सूप राहू दे हो तुझ्याकडेच. भात वाढलास, माझ्या मनातलं ओळखलंस. मी भरून पावले."

आणि सगळाच्या सगळा कालवून एका घासात तोंडात घातला!

"अहो आई! ते मीठ होतं! आमटी आळणी लागली तर असावं म्हणून ठेवलं होतं!"

थुंकायला हरकत नव्हती. मोरी दोन पावलांवर होती. पण एवढं बोलून झाल्यावर थुंकणार कशी? मी तो घास चावला, गिळला आणि म्हटलं, "माहीत हाय मला!"

दुसऱ्याच सकाळी मृणाली येऊन गेली. म्हणते, साखर अगदी छान हाय आजी, पण बीपी एवढं कशाने वाढलं?